कुंडीतला क्रम आणि रानातला क्रम : रब्बी ज्वारीच्या अवर्षणसहनशीलतेवरील संशोधनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण राज्यातील एका कृषी विद्यापीठाच्या कृषी वनस्पतीशास्त्र विभागातील आहे. व्यक्ती, विद्यापीठ, तालुका आणि चाचणीतील वाणांचे सांकेतिक क्रमांक ओळख पटू नये म्हणून वगळले आहेत.

संबंधित सहायक प्राध्यापिका वनस्पती शरीरक्रियाशास्त्र शिकवत असत. नोकरीत रुजू झाल्यापासून त्यांनी रब्बी ज्वारीची अवर्षणसहनशीलता हा एकच विषय धरून ठेवला होता. या पिकाचे पाण्याचे गणित इतर पिकांहून वेगळे आहे. पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, म्हणजे पाऊस संपता संपता होते. त्यानंतर आभाळातून फारसे काही मिळत नाही आणि काळ्या जमिनीने पावसाळ्यात मुरवून ठेवलेल्या ओलाव्यावरच पीक निसवते, फुलते आणि दाणे भरते. खोल जमीन असेल तर मुळे दीड मीटर किंवा त्याहूनही खाली जातात; हलक्या, मुरमाड जमिनीत ती दीड फुटावरच अडतात. त्यामुळे या पिकाला पाण्याचा ताण बहुधा फुलोऱ्यानंतर, ऐन दाणे भरताना पडतो, आणि त्याच वेळी खडखड्या रोग ताटे पोखरून पीक लोळवतो.

मोहोळ येथे १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आजही तुलनेसाठी वापरला जातो, यातच या पिकाच्या सुधारणेची अवघडता दिसते. नंतरच्या वाणांच्या शिफारशी जमिनीच्या खोलीनुसार झाल्या: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा आणि फुले माउली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा आणि फुले यशोदा. पैदासकारांनी आणि शेतकऱ्यांनी ‘अवर्षण’ ही एकच गोष्ट नाही हे असे केव्हाच मान्य केले होते. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र सगळ्या वाणांना एकाच मापाची कुंडी मिळत होती. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ माझ्या मते याच विसंगतीत आहे.

प्राध्यापिकांची चाचणीपद्धत त्या क्षेत्रात सर्रास वापरली जाणारी होती. पहिल्या टप्प्यात बियाण्याला पाणी सहज घेता येऊ नये म्हणून ते पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात रुजवून कोंब व मुळांची लांबी मोजली जाई. दुसऱ्या टप्प्यात कुंडीतील रोपांचे पाणी एकाच दिवशी तोडून पाने किती कोमेजतात, पानांतील सापेक्ष जलांश किती उरतो आणि प्रोलीन हे अमिनो आम्ल किती साठते हे पाहिले जाई. पूर्ण चाचणी काही आठवड्यांत होत असल्यामुळे एका वर्षात बरेच वाण तपासता येत. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी (नॅस) नियतकालिकांना देते त्या गुणांकावर आधारित मूल्यमापनात या कामातून झालेल्या निबंधांना चांगले गुण मिळत होते आणि पुढच्या पदोन्नतीसाठी लागणारी बेरीज जवळपास पूर्ण झाली होती.

अडचण कशी समोर आली

कुंडीत वरच्या क्रमांकावर आलेले काही वाण आणि तळाला गेलेले काही वाण मालदांडीच्या जोडीने भारी जमिनीत पेरून पाहावेत, असे एका हंगामात ठरले. कुंडीतल्या निष्कर्षाला शेतातला दाखला जोडणे एवढाच त्यामागचा हेतू होता. निकाल उलटा आला. कुंडीत पहिला आलेला वाण धान्यात आणि कडब्यात दोन्हीत मागे पडला. तळाला गेलेला एक वाण मालदांडीच्या बरोबरीने उभा राहिला आणि काढणीपर्यंत त्याची वरची पाने हिरवी होती.

एका हंगामावरून पद्धत मोडीत काढू नये, हा विभागातील ज्येष्ठांचा सल्ला रास्त होता. शेतातल्या चाचणीत जमिनीचा उंचसखलपणा, खोडमाशी, उगवणीतली तूट अशी अनेक कारणे शिरतात. परंतु प्राध्यापिकांनी शेताला दोष देण्याआधी कुंडीच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. त्यांत प्रत्येक रोपाचे पानांचे क्षेत्रफळ मोजून ठेवलेले होते. पद्धतीचा भाग म्हणून मोजमाप झाले होते, पण त्याचा सहनशीलतेच्या क्रमाशी संबंध कोणी लावून पाहिला नव्हता. तो लावल्यावर असे दिसले की वरच्या क्रमांकाचे जवळजवळ सगळे वाण लहान पानांचे आणि सावकाश वाढणारे होते.

कारण सोपे आहे. सारख्या मापाच्या कुंड्यांत सारखे पाणी देऊन ते एकाच दिवशी तोडले, तर मोठ्या पानांचे रोप आपले पाणी आधी संपवते आणि आधी कोमेजते. लहान रोपाच्या कुंडीत त्या दिवशी अजून ओल असते. निरीक्षक दोघांकडे एकाच दिवशी पाहतो आणि लहान रोपाला ‘सहनशील’ ठरवतो, वास्तविक त्याला ताण अजून लागलेलाच नसतो. प्रोलीनचेही असेच आहे. पान जितके सुकते तितके ते वाढते, म्हणून जास्त प्रोलीन हे कित्येकदा जास्त सहनशीलतेचे नव्हे, तर जास्त सोसल्याचे लक्षण असते. त्यात कुंडीचे माप. हेन्ड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून दाखवले होते की कुंडीचे आकारमान दुप्पट केले की झाडाचे वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते. दीड मीटर खोल मूळ सोडणाऱ्या पिकाला वीतभर कुंडीत बसवून त्याच्या दुष्काळी वर्तनाचा निवाडा करणे कितपत योग्य, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

पर्यायांचा विचार

या टप्प्यावर प्राध्यापिकांकडे एक संशोधक विद्यार्थी होता. त्याचे पीएच.डी.चे पहिले वर्ष संपत आले होते आणि वर्षभराची सगळी आकडेवारी कुंडीतली होती. अधिछात्रवृत्ती तीन वर्षांची होती. त्यामुळे पुढचा कोणताही निर्णय दोघांच्या कारकिर्दीचा होता, आणि त्या दोघांपैकी एकाचीच नोकरी कायम होती.

पहिला पर्याय आहे तेच पुढे नेण्याचा होता. कुंडीतले निष्कर्ष ‘रोपावस्थेतील सहनशीलता’ असे नाव देऊन प्रसिद्ध करता आले असते. ते खोटे ठरले नसते. पण रब्बी ज्वारीला रोपावस्थेत ताण क्वचितच पडतो, त्यामुळे ते निरुपयोगी ठरले असते.

दुसरा पर्याय सर्वांत आकर्षक होता. त्याच कुंड्यांतील रोपांवर जनुकांच्या अभिव्यक्तीचा अभ्यास करायचा, किंवा पाने उशिरापर्यंत हिरवी ठेवणारे गुणसूत्रखंड डीएनएवरील खुणांच्या, म्हणजे चिन्हकांच्या, मदतीने स्थानिक वाणांत आणायचे. दुसऱ्या कामाला भक्कम आधार होता. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या ‘बी ३५’ या स्रोतात असे चार प्रमुख खंड ओळखले गेले आहेत आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ते इतर वाणांत आणण्याचे काम झालेले आहे. निधी मिळण्याची शक्यता याच पर्यायात अधिक होती. अडचण अशी की कोणत्याही आण्विक कामात शेवटी ‘सहनशील कोण’ हे मोजावेच लागते, आणि ते मोजण्याची पद्धतच संशयाच्या भोवऱ्यात होती. चुकीच्या मोजमापावर महागडे विश्लेषण बसवले तर चूक अधिक प्रतिष्ठित होते, एवढेच.

तिसरा पर्याय पूर्णपणे शेतात जाण्याचा होता. दोन खोलींच्या जमिनी, प्रत्येक टप्प्यावर ऑगरने, म्हणजे माती काढण्याच्या गिरमिटाने, काढलेले मातीचे नमुने, फुलोऱ्याआधी आणि नंतर किती पाणी वापरले गेले याचा हिशेब. शेतकऱ्याच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा हाच पर्याय होता. पण वर्षात हंगाम एकच आणि अवकाळी पाऊस आला की ताणच नाहीसा होतो. सरकते पर्जन्यरोधक छत असते तर हा धोका टळला असता, परंतु विभागाकडे ते नव्हते.

चौथा पर्याय लायसिमीटरचा. सुमारे दोन मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर व्यासाचे पीव्हीसी नळकांडे मातीने भरून जमिनीत उभे करायचे, त्यात झाड वाढवायचे आणि साखळीकप्पीने ते उचलून ठराविक दिवसांनी वजन करायचे. घटलेले वजन म्हणजे झाडाने वापरलेले पाणी. इक्रिसॅटमध्ये ज्वारी व बाजरीसाठी ही पद्धत वापरली गेली आहे. तिचे मोल असे की झाडाने पाणी किती वापरले याच्या जोडीने ते केव्हा वापरले हेही कळते. एका नळकांड्यात शंभर किलोंहून अधिक माती बसते, काळी माती सुकताना आकसून नळीच्या कडेने भेगा सोडते, आणि उचलायला माणसे लागतात. विभागप्रमुखांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: एका वर्षात वाण किती होतील? उत्तर होते, फार थोडे.

बाहेरच्या एखाद्या सुसज्ज केंद्राशी सहकार्य करण्याचा विचारही झाला. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ पासून अजैविक ताणावरील राष्ट्रीय संस्था आहे आणि पाटणचेरू फार दूर नाही. परंतु सामंजस्य करार, परवानग्या आणि बियाण्यांची देवाणघेवाण यांत पुढचा रब्बी हंगाम हुकेल, असे गृहीत धरून तो विचार सोडून दिला गेला. या गृहीतकाची खातरजमा कोणी केली नाही.

निर्णय आणि प्रत्यक्ष कृती

शेवटी तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करण्याचे ठरले. मांडणीसाठी त्यांनी ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ जॉन पासिऊरा यांचे १९७७ सालचे सूत्र आधाराला घेतले: धान्य उत्पादन म्हणजे पिकातून बाष्पोत्सर्जित झालेले पाणी, त्या पाण्याच्या वापराची कार्यक्षमता आणि एकूण वजनातील धान्याचा वाटा या तिघांचा गुणाकार. या मांडणीत ‘सहनशीलता’ नावाचा स्वतंत्र गुण कोठेच नाही, आणि हेच तिचे बळ आहे. वाण चांगला ठरला तर तो या तिघांपैकी कशामुळे, हे सांगावे लागते. फुलोऱ्यानंतरच्या पाण्याला किती किंमत असते याचा दाखलाही ऑस्ट्रेलियातलाच होता. तेथे २००७ साली गव्हावर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जमिनीच्या खालच्या थरातून उशिरा मिळालेल्या दर मिलिमीटर पाण्यामागे हेक्टरी ५९ किलो धान्य वाढल्याचे आढळले होते.

वाणांची संख्या मोठ्या प्रमाणात कमी केली गेली. कुंडीतले वरचे, तळाचे आणि मधले काही वाण, शिवाय मालदांडी आणि फुले अनुराधा, एवढेच ठेवले. कुंडीचा प्रयोग सोडला नाही, पण बदलला. प्रत्येक कुंडीचे रोज वजन करायचे आणि त्या त्या रोपाच्या वापरानुसार थोडे पाणी परत द्यायचे, म्हणजे लहानमोठी सगळी रोपे सारख्याच वेगाने ताणाकडे जातील. रोप बाष्पोत्सर्जन केव्हा कमी करते हे मग दिवसांऐवजी मातीत उरलेल्या वापरयोग्य पाण्याच्या हिश्श्यावर मोजायचे. या एका बदलाने जुना क्रम बराचसा विस्कटला, आणि बदलाला जवळजवळ काही खर्च आला नाही.

नळकांडी भरण्याचे काम अपेक्षेपेक्षा कितीतरी लांबले. माती थरांनी भरून ओली करून बसू द्यावी लागते. पहिल्या प्रयत्नात ती कडेने सुटली आणि ओतलेले पाणी सरळ तळाला गेले. तेव्हा प्रक्षेत्रावरचे जुने मजूर, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी सुचवले की रानात भेगा बुजवायला कोळपणी करतात तशी इथेही वरची माती मोकळी करून कडेला दाबत राहावी. ते नंतर वजनाच्या वेळापत्रकातच बसवले गेले.

शेतातली चाचणी दोन खोलींच्या जमिनीत लावली. पहिल्या हंगामात ताण उत्तम बसला. दुसऱ्या हंगामात नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस झाला आणि भारी जमिनीतला ताण जवळपास पुसला गेला. ही आकडेवारी टाकून द्यावी असे विद्यार्थ्याला वाटत होते. प्राध्यापिकांनी ती ‘ताण नसलेला हंगाम’ म्हणून ठेवली, आणि तो निर्णय बरोबर होता: दुष्काळात तगणारा वाण चांगल्या वर्षी किती मागे पडतो हे त्यातूनच कळले.

अध्यापनातील बदल

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकात तोवर प्रोलीनचे मापन हा मुख्य भाग होता. १९७३ पासून रूढ असलेली निनहायड्रिनची ती पद्धत एका दुपारी पूर्ण होते, रंग सुंदर येतो आणि परीक्षेला सोयीची पडते. प्राध्यापिकांनी ती काढली नाही. तिच्या आधी एक प्रात्यक्षिक जोडले. प्रत्येक गटाला सारख्या कुंड्यांत एक मोठे आणि एक लहान रोप द्यायचे, पाणी एकाच दिवशी तोडायचे, रोज वजन घ्यायचे आणि शेवटी प्रोलीन मोजायचे. दोन्ही रोपे एकाच वाणाची असतात, हे विद्यार्थ्यांना अखेरीस सांगितले जाते. तोवर बहुतेक गटांनी ‘सहनशील’ आणि ‘संवेदनशील’ असे दोन वाण जाहीर केलेले असतात.

हे प्रात्यक्षिक आठवडे खाते, सुट्ट्यांत वजने चुकतात, आणि बाह्य परीक्षकांना एका दिवसात तपासता येत नाही. म्हणून गुण अजूनही प्रोलीनलाच आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळात आणखी एक काम जोडले गेले: नेमून दिलेल्या गावात ऑगरने जमिनीची खोली मोजायची आणि शेतकऱ्याने कोणता वाण का निवडला हे त्याच्या शब्दांत लिहून आणायचे. या वह्यांत धान्यापेक्षा कडब्याविषयी अधिक लिहिलेले असे. पुढे निकालांचा अर्थ लावताना ही माहिती निर्णायक ठरली.

निष्पत्ती

संशोधनाचे निकाल स्पष्ट होते, पण जाहिरात करण्याजोगे नव्हते. भारी जमिनीत चाचणीतला एकही वाण मालदांडीपेक्षा सरस ठरला नाही. हलक्या जमिनीत एक वाण उजवा निघाला. दुपारच्या कोरड्या हवेत तो पर्णरंध्रे लवकर आवळत असे, फुलोऱ्यापूर्वी पाणी जपून वापरत असे आणि दाणे भरताना त्याच्याकडे थोडे अधिक पाणी शिल्लक राहत असे. नळकांड्यांतल्या वजनांत आणि शेतातल्या मातीच्या नमुन्यांत हे दोन्हीकडे दिसले. परंतु जपून वापरणे म्हणजे कमी वाढणे, आणि कमी वाढणे म्हणजे कमी कडबा. ज्या गावांत जनावरांसाठी ज्वारी पेरली जाते तेथे हा वाण कोणी घेईल का, ही शंका पैदासकाराने पहिल्याच बैठकीत उपस्थित केली.

संयुक्त अॅग्रेस्को, म्हणजे राज्यातील कृषी विद्यापीठांची एकत्रित संशोधन समिती, हिच्यापुढे शिफारस मांडायची तर सहसा तीन हंगामांची एकत्रित आकडेवारी लागते. अवकाळीमुळे एक हंगाम ताणाविना गेल्याने ती शिफारस मांडली गेली नाही. आधीचे निबंध मागे घेतले नाहीत, कारण त्यांतील मोजमापे खरी होती. मात्र पानांचे क्षेत्रफळ विचारात घेऊन त्याच आकडेवारीचा नवा अर्थ सांगणारा निबंध लिहिला गेला. दोन नियतकालिकांनी तो ‘नावीन्य नाही’ म्हणून परत केल्यावर तिसऱ्याने घेतला.

प्राध्यापिकांची पदोन्नती लांबली. त्या काळात निबंधांची संख्या घटली होती आणि निवड समितीपुढे नळकांड्यांना गुण नव्हते. विद्यार्थ्याचा प्रबंध पाचव्या वर्षी पूर्ण झाला. शेवटचा काळ त्याने अधिछात्रवृत्तीशिवाय, खासगी शिकवण्या घेऊन काढला. आज तो एका बियाणे कंपनीत चाचणी विभागात आहे, आणि त्याला ती नोकरी लायसिमीटरच्या अनुभवामुळे मिळाली, असे प्राध्यापिका सांगतात. विद्यार्थ्याचे म्हणणे थोडे वेगळे आहे: नोकरी दोन वर्षे आधीही मिळाली असती.

वेगळे काय करता आले असते

मोजमापाची पद्धत बदलण्याचा निर्णय योग्य होता, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती तो कोणाच्या खर्चाने अमलात आला याबद्दल. पहिल्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यापुढे दोन मार्ग लेखी ठेवता आले असते: जुन्या आकडेवारीचे नवे विश्लेषण आणि सुधारित कुंडीप्रयोग एवढ्यावर मुदतीत प्रबंध पूर्ण करणे, किंवा धोका समजून घेऊन शेत व नळकांड्यांत उतरणे. प्रत्यक्षात चर्चा झाली ती तोंडी आणि मार्गदर्शकाच्या केबिनमध्ये, जिथे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘नाही मॅडम’ म्हणण्याची शक्यता फारशी नसते. नळकांडी उभारण्याचे काम विभागाच्या प्रकल्पात घेऊन विद्यार्थ्याला फक्त त्यांचा वापर करू द्यायला हवा होता. नवे उपकरण बसवणे आणि त्यावर पदवी मिळवणे ही दोन्ही ओझी एकाच माणसाच्या खांद्यावर पडली.

बाहेरच्या केंद्राशी सहकार्याचा पर्याय चौकशी न करता सोडला, हेही खटकते. संच लहान होता. एका हंगामापुरती तयार नळकांडी मिळाली असती तर स्थानिक उभारणी सावकाश करता आली असती. निदान एक पत्र लिहून पाहायला हवे होते.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे लक्ष्यक्षेत्राचे वर्णन. ज्या तालुक्यांसाठी वाण हवा तेथील जमिनीची खोली, पेरणीच्या तारखा आणि पावसाच्या नोंदी एकत्र केल्या असत्या तर ताण कोणत्या अवस्थेत पडतो हे टेबलावर बसून महिन्याभरात कळले असते, आणि रोपावस्थेची चाचणी मुळात निवडलीच गेली नसती. हे काम आता विभागात नव्या विद्यार्थ्याचे पहिले काम ठरवले आहे.

मूल्यमापनाविषयी विभागप्रमुखांकडून आधी लेखी मत घ्यावे, असा सल्ला एका सहकाऱ्याने तेव्हा दिला होता. प्राध्यापिकांना तो अपमानास्पद वाटला. माझ्या मते तो व्यवहार्य होता, जरी समितीने त्या मताला किती मान दिला असता हे सांगणे कठीण आहे.

हलक्या जमिनीत उजवा ठरलेला वाण पुढच्या रब्बीत शेतकऱ्यांच्या शेतावर, फुले अनुराधाच्या शेजारी पेरण्याचे ठरले आहे. कडबा कमी आला तर त्याची भरपाई चाचणीच्या निधीतून द्यावी, असा प्रस्ताव प्राध्यापिकांनी पाठवला आहे; लेखा विभागाने त्यावर असे शीर्ष उपलब्ध नसल्याचा शेरा मारून तो परत केला असून, ‘आकस्मिक खर्च’ या शीर्षाखाली तो पुन्हा पाठवण्यात आला आहे.